९ वर्षांचे उद्यान, ३६ वर्षांची नदी

जर्मनीच्या रूर खोऱ्यातील डुइसबुर्ग शहरात, माइडरिश भागात, थिसेन कंपनीचा लोखंडाचा कारखाना होता. तो एप्रिल १९८५ मध्ये बंद झाला. त्याच जागेवरचे ‘लांडशाफ्ट्सपार्क डुइसबुर्ग-नोर्ड’ हे उद्यान १९९४ मध्ये लोकांसाठी खुले झाले. कारखान्याचे उद्यान व्हायला ९ वर्षे लागली. ज्या एम्शर नदीच्या जुन्या पात्रालगत हा कारखाना उभा होता, ती नदी सांडपाण्यापासून मोकळी झाली २०२१ च्या अखेरीस. त्याला कारखाना बंद झाल्यापासून ३६ वर्षे लागली. वेळेचे प्रमाण एकास चार.

नगररचनेचे विद्यार्थी आणि पालिकांची शिष्टमंडळे डुइसबुर्गला जातात ती ९ वर्षांचे काम पाहायला. नदीकाठच्या बंद कारखान्याचे काय करायचे, या प्रश्नाचा मोठा भाग मात्र ३६ वर्षांच्या कामात आहे. पैशाच्या हिशेबातही हेच दिसते. एम्शर खोऱ्याच्या सांडपाण्याची व्यवस्था बदलण्याचा खर्च सुमारे ५५० कोटी युरो. १९८९ ते १९९९ या दशकात याच खोऱ्यातले बंद कारखाने, खाणी, वस्त्या आणि मोकळ्या जागा यांच्यासाठी राबवलेल्या सुमारे १२० प्रकल्पांवर मिळून झालेला खर्च सुमारे ५०० कोटी मार्क, म्हणजे २५० कोटी युरोंच्या आसपास. एका नदीची गटारे १२० प्रकल्पांच्या दुपटीहून महाग पडली.

कारखान्याचा हिशेब

कारखान्याची स्थापना १९०१ ची, पहिली झोतभट्टी पेटली १९०३ मध्ये. बंद होईपर्यंतच्या ८२ वर्षांत इथून सुमारे ३ कोटी ७० लाख टन कच्चे लोखंड बाहेर पडले. वर्षाची सरासरी साडेचार लाख टन. शेवटच्या काळात कारखान्याची क्षमता वर्षाला सुमारे १० लाख टन होती, म्हणजे सरासरीच्या दुपटीहून अधिक. कारखाना बंद झाला तो जुनाट होता म्हणून नव्हे. युरोपीय समुदायाने १९८० मध्ये पोलाद उद्योगात संकट जाहीर करून प्रत्येक उत्पादकाला उत्पादनाचा कोटा ठरवून दिला. कोटा कमी आणि क्षमता जास्त, अशी स्थिती आल्यावर कंपन्यांनी भट्ट्या बंद करायला सुरुवात केली. माइडरिश त्या यादीत आले.

५ क्रमांकाच्या भट्टीचे वय याला पुरावा आहे. ही भट्टी १९७३ मध्ये सुरू झाली आणि १९८५ मध्ये विझली. तिने लोखंड ओतले १२ वर्षे. आज तिच्यावर चढून सुमारे ७० मीटर उंचीवरून शहर पाहता येते आणि या कामात तिला ३० वर्षे होऊन गेली आहेत. भट्टी म्हणून ती जितकी वर्षे चालली, त्याच्या अडीच पट वर्षे ती उद्यानाचा मनोरा म्हणून उभी आहे. कारखान्यातल्या एकूण ५ भट्ट्यांपैकी ३ शिल्लक आहेत.

खाणींचे आकडे याहून मोठे आहेत. जर्मनीत दगडी कोळशाच्या उद्योगात १९५७ मध्ये सुमारे ६ लाख लोक काम करत होते. शेवटची खाण बोट्रॉप इथे डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. ६१ वर्षांत ६ लाखांवरून शून्य. माइडरिशचा कारखाना या उताराच्या जवळपास मध्यावर, २८ व्या वर्षी बंद पडला. त्यामुळे त्याच्या जागेचे काय करायचे हा एका कंपनीचा प्रश्न राहिला नाही. रूरमध्ये पुढच्या तीन दशकांत अशा शेकडो हेक्टर जागा रिकाम्या होणार होत्या आणि पहिल्या काही जागांचा निर्णय बाकीच्यांसाठी पायंडा ठरणार होता.

१८० हेक्टरची वाटणी

उद्यानाचे क्षेत्र सुमारे १८० हेक्टर, म्हणजे ४४५ एकर. मुंबईचे शिवाजी पार्क २८ एकरांचे आहे. त्याच्या जवळपास सोळा पट जागा. मात्र हा एकसंध मोकळा तुकडा नव्हता. त्यात झोतभट्ट्या होत्या, खनिज साठवायची कोठारे होती, रेल्वेचे रूळ आणि भराव होते, १९५९ मध्ये बंद झालेल्या कोळसा खाणीची जमीन होती, १९७७ मध्ये बंद झालेल्या कोकभट्टीची जागा होती आणि खनिजाची भुकटी भाजून तिचे गोळे करणाऱ्या सिंटर प्रकल्पाचा परिसर होता. या सर्वांमधून पूर्व-पश्चिम जाणारे एम्शरचे जुने पात्र तेव्हा उघडे गटार होते.

पहिला पर्याय पाडकामाचा होता. स्थानिक रहिवाशांनी त्याला विरोध केला. १९८९ मध्ये नॉर्थ राइन-वेस्टफालिया राज्याने जमीन विकास निधीतून जागा ताब्यात घेतली आणि त्याच वर्षी ‘एम्शर पार्क आंतरराष्ट्रीय बांधकाम प्रदर्शन’ हा दहा वर्षांचा कार्यक्रम सुरू झाला. नाव प्रदर्शनाचे असले, तरी हा खोऱ्याच्या पुनर्रचनेचा सरकारी कार्यक्रम होता. क्षेत्र सुमारे ८०० चौरस किलोमीटर, नगरपालिका १७, लोकसंख्या सुमारे २० लाख, मुदत १९८९ ते १९९९, प्रकल्प सुमारे १२०. कार्ल गान्झर त्याचे संचालक होते.

खर्चाचे प्रमाण पाहण्यासारखे आहे. सुमारे ५०० कोटी मार्कांपैकी दोन तृतीयांश पैसा सार्वजनिक होता, एक तृतीयांश खाजगी. सरासरी काढली तर एका प्रकल्पाला सुमारे ४ कोटी मार्क येतात. पण गृहसंकुलांपासून चिमुकल्या बागांपर्यंतचे प्रकल्प या यादीत असल्याने सरासरीतून एखाद्या प्रकल्पाबद्दल काही कळत नाही. कळते ते एवढेच की खाजगी पैसा सार्वजनिक पैशाच्या निम्म्याने आला. अशा जमिनीवर विकसक आधी गुंतवणूक करतील आणि उद्यान त्यातून निघेल, हे गृहीतक इथे कुणी धरले नव्हते.

डुइसबुर्गच्या जागेसाठी ५ संघांकडून आराखडे मागवले गेले. १९९१ मध्ये पेटर लाट्स यांच्या संघाची निवड झाली. इतरांपेक्षा या आराखड्यात पाडकाम कमी होते. भट्ट्या, कोठारे, रेल्वेचे भराव आणि पात्र हे चार थर जसे आहेत तसे ठेवायचे आणि ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे जिने, पूल व वाटा घालायच्या, असा त्याचा गाभा होता. पाडकामाला पैसा लागतो, पाडलेला राडारोडा विषारी असेल तर तो नेऊन टाकायला आणखी लागतो आणि शेवटी हाती सपाट जमीन उरते जिच्यावर पुन्हा खर्च करावा लागतो. न पाडण्याचा निर्णय वारशाच्या प्रेमातून आला तसाच या वजाबाकीतूनही आला.

दूषित माती: तीन भाग, तीन उपाय

अशा जागेवर सर्वांत आधी विचारायचा प्रश्न मातीचा असतो. कोकभट्टीच्या जमिनीत डांबरातून आलेली बहुवलयी कर्बसंयुगे मुरलेली होती. सिंटर प्रकल्पाचा परिसर सर्वांत दूषित होता. सगळी माती उचलून दुसरीकडे न्यायची तर दूषित खड्डा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेला असता, एवढाच फरक पडला असता. म्हणून जागेची दूषितपणाच्या पातळीनुसार विभागणी झाली.

पहिला भाग: सिंटर प्रकल्प. तो पाडला. त्यातला सर्वांत घातक माल कारखान्याच्याच जाड भिंतींच्या कोठारांत भरला, वरून सील केला आणि त्यावर बाग केली. दुसरा भाग: मध्यम दूषित जमीन. ती जागीच ठेवली, वर झाडझाडोरा वाढू दिला आणि लोकांचा वावर ठरावीक वाटांवर ठेवला. संयुगे विघटित व्हायला दशके लागतात. तेवढी दशके देण्याची तयारी या आराखड्यात आहे. तिसरा भाग: ज्या ठिकाणी लोक बसतील, मुले खेळतील, भाजीपाला किंवा फुले लावली जातील, तिथे माती नवी किंवा तपासलेली. पाडलेल्या विटांचा चुरा नव्या काँक्रीटमध्ये वापरला गेला.

या पद्धतीची किंमत आहे. उद्यानाचा काही भाग कायम बंद राहतो आणि सील केलेल्या कोठारांवर कायम लक्ष ठेवावे लागते. १८० हेक्टर ‘स्वच्छ’ झाले, असे विधान इथे करता येत नाही. १८० हेक्टरवरचा धोका मोजून, वाटून, बंदिस्त करून ठेवला आहे, असे विधान करता येते. नदीकाठच्या कोणत्याही औद्योगिक जागेबद्दल प्रामाणिकपणे करता येण्यासारखे विधान बहुतेक वेळा हेच असते.

जुन्या मापांचे नवे उपयोग

न पाडलेल्या वस्तूंचे आकडे आता उपयोगाचे आकडे झाले आहेत.

गॅस साठवण्याची टाकी ४५ मीटर व्यासाची. तिच्यात १३ मीटर खोलीपर्यंत पाणी भरले. गणित केले तर हे सुमारे २१ हजार घनमीटर, म्हणजे २ कोटी १० लाख लिटर होते. आज तिथे पाणबुडे प्रशिक्षण घेतात. टाकी पाडून नव्या मापाचा हौद बांधायचा म्हटले असते, तर त्याला कुणी मंजुरी दिली नसती. टाकी उभीच होती म्हणून हा उपयोग शक्य झाला.

यंत्रगृह १७० मीटर लांब, ३५ मीटर रुंद आणि २० मीटर उंच. तळाचे क्षेत्रफळ ५,९५० चौरस मीटर. त्यात आता मेळावे, प्रदर्शने आणि संगीताचे कार्यक्रम होतात. शेजारच्या झोतयंत्रांच्या सभागृहात नाटके होतात. रूरच्या ‘रूरट्रिएनाले’ महोत्सवाचे प्रयोगही २००२ पासून या इमारतींमध्ये होत आले आहेत. सभागृहांचे भाडे हा उद्यानाच्या उत्पन्नाचा एक भाग आहे. उद्यानाला प्रवेशशुल्क नाही आणि फाटक रात्रीही बंद होत नाही. त्यामुळे हे भाडे महत्त्वाचे.

खनिजाच्या कोठारांच्या भिंतींवर जर्मन अल्पाइन क्लबच्या डुइसबुर्ग शाखेने गिर्यारोहणाच्या वाटा आखल्या. भट्ट्यांच्या मधल्या चौकात लोखंडाचे ४९ पत्रे मांडले आहेत, सातांच्या सात ओळी. प्रत्येक पत्रा २.२ मीटर लांब, २.२ मीटर रुंद आणि ७ ते ८ टन वजनाचा. क्षेत्रफळ २३७ चौरस मीटर, वजन साडेतीनशे टनांच्या घरात. वितळलेले लोखंड ओतायच्या खड्ड्यांत हे पत्रे अंथरलेले असत आणि उष्णतेने त्यांचा पृष्ठभाग झिजला आहे. चौकाचे नाव ‘पियात्सा मेटॅलिका’. नवे साहित्य जवळपास शून्य.

१९९६ मध्ये ब्रिटिश कलावंत जोनाथन पार्क यांनी भट्ट्यांवर रंगीत दिव्यांची योजना केली. त्यानंतर उद्यानाला रात्रीचा प्रेक्षक मिळाला. आज वर्षाला १० लाखांहून अधिक लोक येतात. डुइसबुर्गची लोकसंख्या सुमारे ५ लाख आहे. शहरातल्या प्रत्येक माणसामागे वर्षाला दोन भेटी, असे हे प्रमाण. हेक्टरमागे वर्षाला साडेपाच हजार, दिवसाला सरासरी १५. गर्दीच्या कोणत्याही शहरी बागेशी तुलना केली तर हा आकडा लहान आहे. त्याचा अर्थ, उद्यानाचा मोठा भाग माणसांसाठी नसून रानासाठी राहिला आहे.

त्या रानाची नोंद आहे. उद्यानात सुमारे ७०० जातींच्या वनस्पती आढळल्या आहेत. त्यातल्या काही रूरच्या मूळच्या नाहीत. परदेशांतून जहाजांनी आणि रेल्वेने खनिज आले, त्याबरोबर बिया आल्या आणि रुळांच्या खडीत त्या रुजल्या. वनस्पतिशास्त्रज्ञांच्या दृष्टीने ही जागा आयात-व्यापाराची नोंदवही आहे. सगळी जमीन सपाट करून हिरवळ लावली असती, तर जातींची संख्या बोटांवर मोजण्याइतकी उरली असती.

नदीचे आकडे

आता दुसरी बाजू. एम्शर नदी होल्ट्सविकेडे गावाजवळ उगम पावते आणि डिन्स्लाकेन इथे ऱ्हाइनला मिळते. तिची मूळ लांबी सुमारे १०९ किलोमीटर होती. ती सरळ करून सुमारे ८३ किलोमीटर केली गेली. लांबीत २४ टक्के घट. वळणे काढली तेव्हा नदीची गती वाढली आणि पूर पुढे ढकलला गेला.

नदीचे मुखही दोनदा हलले. १९१० मध्ये ते उत्तरेला नेले, १९४९ मध्ये आणखी उत्तरेला. कारण एकच: खाणी खालून पोखरत गेल्या, जमीन खचली, ऱ्हाइनकडे जाणारा उतार संपला. पाण्याला उतार मिळावा म्हणून मुख हलवावे लागले. माइडरिशच्या कारखान्यातून जाणारे पात्र या स्थलांतरात मागे राहिलेले. त्याला ‘जुनी एम्शर’ म्हणतात. उगमाकडून येणारे पाणी तोडले गेले होते, त्यामुळे तिच्यात वाहायला सांडपाण्याखेरीज फारसे काही नव्हते.

नदीचे गटार का केले, याला खाणीचेच उत्तर आहे. जमीन खचत असेल तर भूमिगत नळ तुटतात. उघडे, काँक्रीटचे पात्र खचले तर ते पुन्हा उचलून बांधता येते. म्हणून १८९९ मध्ये स्थापन झालेल्या ‘एम्शरगेनोसेनशाफ्ट’ या जलसंस्थेने नदी आणि तिचे ओढे काँक्रीटच्या पन्हळीत बांधले आणि घरांचे, खाणींचे, कारखान्यांचे पाणी त्यात सोडले. नगरपालिका, खाणी आणि उद्योग या संस्थेचे सभासद होते आणि जो जितके पाणी बिघडवेल तितकी वर्गणी देईल, अशी रचना होती. त्या काळाच्या मर्यादेत ही व्यवस्था विचारपूर्वक केलेली होती. तिने जवळजवळ शतकभर काम केले.

या व्यवस्थेतली सर्वांत विलक्षण बाब १९७० च्या दशकातली आहे. नदीच्या मुखाशी एक शुद्धीकरण केंद्र उभे राहिले आणि त्यातून संपूर्ण नदी शुद्ध करून ऱ्हाइनमध्ये सोडली जाऊ लागली. ऱ्हाइनला आणि खालच्या नेदरलँड्सला त्याचा फायदा झाला. वरच्या ८० किलोमीटरवर राहणाऱ्यांना काहीच फरक पडला नाही, कारण त्यांच्या दाराशी पाणी अजून शुद्ध व्हायचे होते. शुद्धीकरणाची आकडेवारी सुधारली, काठावरचा वास तसाच राहिला.

५५० कोटी युरो कुठे गेले

खाणी उत्तरेकडे सरकल्या, जमीन स्थिरावली आणि भूमिगत नळ घालणे शक्य झाले. १९९१ मध्ये निर्णय झाला, १९९२ मध्ये काम सुरू झाले. लक्ष्य २०२० चे होते, सांडपाणी नदीतून पूर्ण बाहेर पडले २०२१ च्या अखेरीस. ३० वर्षांच्या योजनेला सुमारे एक वर्ष उशीर.

कामाची फोड अशी. नव्या भूमिगत मलजलवाहिन्या ४३६ किलोमीटर. म्हणजे नदीच्या लांबीच्या पाच पटींहून अधिक. त्यातली मुख्य वाहिनी डॉर्टमुंड ते डिन्स्लाकेन, ५१ किलोमीटर. शुद्धीकरण केंद्रे चार, ज्यांपैकी एक डुइसबुर्गमध्ये जुन्या एम्शरवर आहे. मूळ रूपात आणायचे ओढे आणि नदीपात्र मिळून सुमारे ३२९ किलोमीटर.

मुख्य वाहिनीच्या उतारात या कामाची अडचण दिसते. दर हजार मीटरला दीड मीटर उतार हवा. ५१ किलोमीटरला तो ७६ मीटर होतो. डॉर्टमुंडपासून ऱ्हाइनपर्यंत जमीन तितकी उतरत नाही. त्यामुळे वाहिनी पुढे पुढे खोल जाते, काही ठिकाणी सुमारे ४० मीटर, आणि गेल्सेनकिर्शेन, बोट्रॉप व ओबरहाउझेन इथल्या तीन पंपिंग केंद्रांतून पाणी वर उचलावे लागते. तिसरे केंद्र २०२१ मध्ये चालू झाले, तेव्हाच साखळी पूर्ण झाली. पहिल्या दोन केंद्रांनी कितीही काम केले असते, तरी शेवटचा दुवा नसताना नदी मोकळी झाली नसती. ३६ वर्षांच्या आकड्याचे हे एक कारण आहे: या कामात अर्धे काम म्हणजे शून्य काम.

खोऱ्याचे क्षेत्र ८६५ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या सुमारे २२ लाख. ५५० कोटी युरो भागिले २२ लाख, म्हणजे माणशी अडीच हजार युरो. ३० वर्षांत विभागले तर वर्षाला ८३ युरो. यातला सुमारे ८० टक्के वाटा संस्थेच्या सभासदांच्या वर्गणीतून आला, उरलेला राज्य व युरोपीय निधीतून. वर्गणीचा वाटा माणशी वर्षाला ६७ युरो पडतो आणि उद्योगांची वर्गणी त्यातच धरलेली असल्याने प्रत्यक्ष रहिवाशांवरचा भार याहून कमी. मोठा आकडा लहान झाला तो दोन कारणांनी: मुदत ३० वर्षांची होती आणि पैसे गोळा करणारी संस्था आधीपासून, १८९९ पासून, अस्तित्वात होती. १७ पालिकांनी १७ स्वतंत्र योजना केल्या असत्या, तर ५१ किलोमीटरची एक वाहिनी झालीच नसती.

उद्यानातली नदी

उद्यानाच्या हद्दीत हा प्रश्न आधी सोडवला गेला. जुन्या एम्शरचे सांडपाणी साडेतीन मीटर व्यासाच्या भूमिगत वाहिनीत घातले. तिच्यावर चिकणमातीचा थर दिला, म्हणजे खालची दूषित जमीन आणि वरचे पाणी यांचा संबंध येणार नाही. त्या थरावर नवे पात्र केले. त्यात वाहते ते फक्त पावसाचे पाणी: छपरांवरून, फरसबंदीवरून, जुन्या शीतकरण टाक्यांतून गोळा केलेले. पाणी साचून खराब होऊ नये म्हणून सिंटर प्रकल्पाच्या उरलेल्या मनोऱ्यावर पवनचक्की बसवली आहे. ती पाणी वर उचलते आणि ते पुन्हा पडताना त्यात प्राणवायू मिसळतो.

म्हणजे उद्यानातला स्वच्छ प्रवाह हा नदीचा पुनर्जन्म नाही. उगमाशी त्याचा संबंध १९१० पासून तुटलेला आहे. तो बांधलेला प्रवाह आहे, कृत्रिम आहे आणि आराखड्यात तो तसाच मांडला आहे. या मांडणीचा फायदा असा की कुणाचा गैरसमज होत नाही. उद्यानाच्या हद्दीतले काही हजार मीटर पाणी स्वच्छ झाले म्हणून एम्शर स्वच्छ झाली, असे १९९४ मध्ये कुणी जाहीर केले नाही. तेव्हा खोऱ्यातल्या सांडपाण्याची ३० वर्षांची योजना तिसऱ्या वर्षात होती आणि तिला आणखी २७ वर्षे लागणार होती.

जे आकडे अजून मिटलेले नाहीत

पहिला: ४० टक्के. एम्शर खोऱ्यातली सुमारे ४० टक्के जमीन खाणकामामुळे इतकी खचली आहे की तिथले पाणी आपोआप नदीत जात नाही. पंप बंद केले तर त्या भागात तळी होतील. वस्त्या त्याच भागात आहेत. हे पंप कायम चालवावे लागतील. खाणींमुळे मागे राहिलेल्या अशा कधीही न संपणाऱ्या कामांच्या खर्चासाठी २००७ मध्ये स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन झाले. खाण ६१ वर्षांत संपली, तिचे पंप संपणार नाहीत.

दुसरा: १२ टक्के. डुइसबुर्गमधली बेरोजगारी अलीकडच्या वर्षांत १२ टक्क्यांच्या आसपास आहे, देशाच्या सरासरीच्या जवळपास दुप्पट. उद्यानाने जमीन वाचवली, वारसा वाचवला, वर्षाला १० लाख लोकांना मोफत मोकळी जागा दिली. कारखान्याने दिलेल्या नोकऱ्या त्याने परत आणल्या नाहीत. उद्यानाला रोजगार योजना म्हणून विकणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवावेत. डुइसबुर्गच्या आराखड्याने तसा दावा केला नव्हता, म्हणून त्याच्यावर अपयशाचा शिक्काही बसत नाही. पण ज्या भागातल्या माणसांनी ८२ वर्षे भट्टीची धग सोसली, त्यांच्या मुलांचा प्रश्न बागेने सुटत नाही, हे नोंदवायलाच हवे.

तिसरा: ३२९ किलोमीटर. सांडपाणी थांबले, पण काँक्रीटच्या पन्हळी काढून काठ मोकळे करायचे काम २०२१ नंतरही चालू आहे. नदीच्या मुखाशी नवे पूरमैदान २०२२ मध्ये खुले झाले. पाणी स्वच्छ होणे आणि नदी जिवंत होणे या दोन वेगळ्या तारखा आहेत.

कोणते आकडे आधी मागायचे

या सगळ्यातून नदीकाठच्या औद्योगिक जागेवर उद्यान करू पाहणाऱ्या कोणत्याही शहरासाठी चार प्रश्न निघतात. क्रम महत्त्वाचा आहे.

एक: रोज किती लिटर सांडपाणी न शुद्ध होता नदीत पडते आणि ते थांबायची तारीख कोणती? डुइसबुर्गकडे १९९४ मध्ये या प्रश्नाचे उत्तर होते: योजना चालू आहे, लक्ष्य २०२०.

दोन: काठावर होणारा खर्च आणि नळांवर होणारा खर्च यांचे प्रमाण काय? एम्शर खोऱ्यात दृश्य कामांवर २५० कोटी युरोंच्या आसपास गेले आणि जमिनीखालच्या व्यवस्थेसह नदीवर ५५० कोटी. एकास दोनाहून अधिक. जिथे हे प्रमाण उलटे असेल, तिथे फरसबंदीच्या कडेने गटारच वाहणार.

तीन: माती तपासली का आणि किती टक्के जागा लोकांसाठी बंद राहणार? उत्तर शून्य असेल, तर तपासणी झालेली नाही असे समजायला हरकत नाही. अनेक दशके चाललेल्या कारखान्याखाली शून्य टक्के दूषित जमीन सापडत नाही.

चार: किती पाडणार? पाडकामाचा खर्च आराखड्यात वेगळा दाखवला आहे का? ४९ पत्रे, एक टाकी, एक यंत्रगृह आणि ३ भट्ट्या न पाडल्याने डुइसबुर्गला चौक, हौद, सभागृह आणि मनोरे मिळाले.

उद्यानाचे उद्घाटन निवडणुकीच्या एक-दोन मुदतींत करता येते. ९ वर्षे म्हणजे जास्तीत जास्त दोन मुदती. ३६ वर्षांचे काम मात्र कोणत्याही एका महापौराच्या, एका सरकारच्या हातून पूर्ण होत नाही. ते पूर्ण करायला वर्गणी गोळा करण्याचा अधिकार असलेली, पालिकांच्या हद्दी ओलांडणारी आणि निवडणुकांहून दीर्घायुषी संस्था लागते. एम्शरकडे ती ९० वर्षे आधीपासून होती. ज्या नद्यांकडे अशी संस्था नाही, तिथे उद्यानाच्या आराखड्याआधी तिची स्थापना हे पहिले काम आहे. तो खर्च ५५० कोटींच्या तुलनेत नगण्य आहे आणि त्याच्याशिवाय बाकीचा एकही युरो किंवा रुपया नदीपर्यंत पोहोचत नाही.